शून्य म्हणजे नीट

रात्री दोन चाळीसला ‘तोल’ मेला.
काट्यावर केळीच्या घडांचा ट्रॅक्टर तसाच उभा,
पडद्यावर आकडा अर्धा: चार हजार एकशे—
पुढे काही नाही.

सावद्याचं शीतगृह. आत तेरा अंश,
बाहेर दिवसभर ऊन पिऊन
अजून न निवलेला पत्रा.

प्रोग्राम मरतो तेव्हा ओरडत नाही.
पण खाली कुणीतरी उठलं,
ज्याला आम्ही नुसतं सिस्टिम म्हणतो ते,
आणि कामाला लागलं.
उघड्या वह्या मिटल्या: आवक, जावक,
रावेरच्या दलालाचं खातं.
प्रिंटर त्याच्या मुठीतून सोडवला.
काट्याशी चाललेलं बोलणं तोडलं,
काट्याला पत्ताच नाही, तो आपला वजन सांगत राहिला.
मग जागा. पान पान मोजून परत घेतलं,
दुसऱ्याला देण्याआधी कोरं करायचं,
मेलेल्याचं अक्षर नव्याने वाचू नये.
कुणी सांडलं, का सांडलं, विचारलं नाही.
शहाण्यालाही हेच, घोटाळेबाजालाही हेच.

मी ‘तोल’ पुन्हा सुरू केला.
म्हणाला, आत आधीच कुणीतरी आहे.

आत कुणी नव्हतं.
डिस्कवर एक चिठ्ठी होती, कुलूप नावाची.
येताना त्यानेच लिहायची, जाताना त्यानेच फाडायची.
डिस्कवरचं सिस्टिम उचलत नाही.
तिला वाटतं, मुद्दाम ठेवलं असेल.

लीलाधर फिरकेने लिहिला होता हा ‘तोल’.
माघात गेला, बऱ्हाणपूर रस्त्यावर, मोटारसायकलवर.
त्याच्या मागचंही आठ दिवसांत आवरलं.
पतपेढीने खातं मिटवलं, कंपनीने सिम,
खुर्ची वजनाच्या पोऱ्याकडे गेली, त्याने उंची बदलली.
उरला चौथ्या कप्प्यातला स्टीलचा डबा,
झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव.
मुद्दाम ठेवला असेल म्हणून कुणी हलवला नाही.

अजून एक असतं.
त्यानेच शिकवलेलं, शेंगा सोलता सोलता:
मेल्यावरही यादीत एक ओळ राहते.
जागा नाही, वह्या नाहीत,
फक्त त्याचा क्रमांक आणि तो कसा संपला याचा एक आकडा.
ज्याने त्याला जन्म दिला त्याने येऊन विचारायचं.
विचारलं की ओळ पुसली जाते.
नाही विचारलं तर पडून राहते,
तिला मारताही येत नाही, मेलेलीच असते ती.
‘आणि बापच आधी गेला तर?’
‘मग एक नंबरचा असतो ना, सगळ्यांत जुना.
तो अनाथांना पदरात घेतो. विचारत बसतो एकेकाला.’
टरफलं त्याने कागदात गोळा केली होती,
एकही खाली पडू दिलं नव्हतं.

फाल्गुनात इच्छारामबाबा आले, राहिलेल्या पगाराच्या कागदावर
सही करायला. सही केली, टोपण नीट लावलं,
पेन परत दिलं, तरी जाईनात.
गेटवरचा म्हणाला, बाबा, झालं तुमचं.
ते माझ्याकडे वळले:
‘कसा व्हता वं तो कामाले?’

चांगला होता, असं काहीतरी बोलले मी.
जिभेवर आलेलं उत्तर वेगळंच होतं.
शून्य, बाबा.
आमच्या या यंत्रात शून्य म्हणजे सगळं नीट झालं,
दुसरा कुठलाही आकडा म्हणजे कुठेतरी चुकलं.
पण बापाला तोंडावर शून्य कसं सांगायचं?
त्यांनी मान हलवली, दोनदा,
आणि टोपी घालून ऊन तुडवत स्टँडकडे निघाले.

‘काय झालं वं ताई? झोपली का?’
ट्रॅक्टरवाला खिडकीशी.
मी कुलपाची चिठ्ठी पुसली. ‘तोल’ उठला,
नवा क्रमांक, कोरी पानं,
मघाचं काही आठवत नसलेला.
‘पुढे घे रे भो, परत मोजू.’

चार हजार एकशे बासष्ट.
उद्या दिवसपाळीच्या आधी
डबा घेऊन फिरक्यांकडे जायला हवं.